बिनडोक यंत्राची मुळाक्षरे

गेल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आमच्या घरात एक वाद झाला आणि त्यात मी हरलो. पंधरा वर्षांच्या मुलासमोर बापाने हरणे यात बातमी काही नाही, आपल्यापैकी बहुतेकांना त्याची सवय झालेली असेल. पण विषय माझ्या धंद्यातला होता. विद्युत अभियांत्रिकीत डॉक्टरेट आणि वीस वर्षे सॉफ्टवेअरची नोकरी एवढे भांडवल पदरी असताना मी हरलो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

चिरंजीवांनी शेजाऱ्यांची हिरवळ कापून आणि बर्फ उपसून साठवलेल्या पैशांतून कॉम्प्युटर जुळवायला घेतला होता. डायनिंग टेबलवर खोकी मांडलेली. टर्की तर आमच्याकडे होतच नाही, पण पुरणपोळीची ताटेही त्या दिवशी सोफ्यावरच घ्यावी लागली. मदरबोर्ड स्वस्तात मिळालेला, म्हणजे दुकानात दोन वर्षे पडून राहिलेला. प्रोसेसर मात्र ताजा, त्याच वर्षीचा. आता मदरबोर्डवर एका लहानशा चिपमध्ये मूळ प्रोग्रॅम असतो, ज्याला आपण बायॉस म्हणतो. तो दोन वर्षांपूर्वीचा असल्याने या नव्या पाहुण्याला ओळखणार नाही, हे चिरंजीवांनी वाचून ठेवले होते. "आधी बायॉस अपडेट करतो, मग प्रोसेसर बसवतो," तो म्हणाला.

मी त्याला थांबवले. म्हटले, "अरे, अपडेट करणारा प्रोग्रॅम चालवणार कोण? प्रोसेसरच ना? आणि प्रोसेसर तर अजून खोक्यात आहे. ज्याला डोकेच नाही त्याला मुळाक्षरे कशी शिकवणार?"

"बाबा, जस्ट वॉच."

त्याने मदरबोर्डला फक्त वीजपुरवठ्याचा डबा जोडला. प्रोसेसर नाही, मेमरी नाही, पडदा नाही. पेनड्राइव्हवर एक फाइल उतरवून तिला ठरावीक नाव दिले, ती मागच्या एका विशिष्ट छिद्रात खोचली आणि शेजारचे बारीक बटण तीन सेकंद दाबून धरले. एक दिवा लुकलुकू लागला. सहा-सात मिनिटांनी तो विझला. काम झाले होते.

मी पुरणपोळी घेऊन गप्प बसलो. त्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघताना मला १९९९ सालच्या एप्रिल महिन्यातली एक दुपार आठवत होती, पण तिच्याकडे यायला थोडा वेळ आहे.

यंत्र सुरू होते म्हणजे नेमके काय होते, ते आधी पाहू. प्रोसेसरला वीज मिळते तेव्हा त्याची पाटी कोरी असते. मेमरी कुठे आहे, कळफलक म्हणजे काय, डिस्क कशाशी खातात, यातले काही त्याला ठाऊक नसते. त्याला एकच सवय जन्मजात असते, ती म्हणजे एका ठरलेल्या पत्त्यावर जाऊन तिथे लिहिलेली पहिली आज्ञा वाचायची. आयबीएमच्या पहिल्या पीसीतल्या ८०८८ या प्रोसेसरच्या बाबतीत हा पत्ता त्याच्या एक मेगाबाइटच्या वस्तीतल्या शेवटच्या सोळा घरांपैकी पहिला होता. तिथून पुढे सगळे शिक्षण बायॉस देते. बायॉस हा शब्द गॅरी किल्डॉल यांचा, सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी लिहिलेल्या सीपी/एम या प्रणालीतला. फर्मवेअर हा शब्द त्याहून जुना आहे. ॲशर ओप्लर यांनी १९६७ साली 'डेटामेशन' या नियतकालिकात तो वापरला. हार्डवेअर म्हणजे कडक आणि सॉफ्टवेअर म्हणजे मऊ, तर फर्मवेअर म्हणजे मधले, आपल्याकडच्या गोळीबंद पाकासारखे.

आयबीएमचा पीसी १२ ऑगस्ट १९८१ रोजी जगापुढे आला. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथे एका छोट्या गटाने तो तयार केला आणि त्याचे बायॉस लिहिण्यात डेव्हिड ब्रॅडली यांचा मोठा वाटा होता. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन बोटांच्या मुद्रेचे जनकही तेच. हे बायॉस होते अवघे ८ किलोबाइटचे. आज आपण मुलांच्या स्नेहसंमेलनाचा एक फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो, तो त्याच्या कितीतरी पट मोठा असतो.

ते ८ किलोबाइट ज्या चिपमध्ये होते ती वाचता येत असे, तिच्यावर लिहिता येत नसे. बदल हवा तर चिपच बदलायची. आणि ती वेळ लवकरच आली. १९८२ सालच्या ऑक्टोबरची तारीख असलेले नवे बायॉस आयबीएमने काढले, कारण त्याआधीच्या यंत्रांना हार्ड डिस्कच्या कार्डावरचा प्रोग्रॅम उचलता येत नव्हता. ज्यांना जुन्या यंत्रात हार्ड डिस्क हवी होती त्यांनी झाकण उघडले, जुनी चिप काढली आणि नवी बसवली. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या अपडेटमध्ये प्रोसेसरचा काडीचाही संबंध नव्हता. तो असला काय, नसला काय. माझ्या मुलाने थँक्सगिव्हिंगला केले तेच हे काम, फक्त बटणाऐवजी स्क्रूड्रायव्हरने.

याच ८ किलोबाइटांवरून पुढे जे घडले त्याशिवाय आपल्यापैकी बरेच जण आज इथे नसते, म्हणून थोडे आडवळण घेतो. आयबीएमच्या पीसीतले बाकीचे भाग बाजारात कुणालाही विकत मिळत होते. प्रोसेसर इंटेलचा, प्रणाली मायक्रोसॉफ्टची. आयबीएमची स्वतःची म्हणावी अशी मुख्य चीज होती बायॉस. आणि गंमत अशी की त्याची ओळन् ओळ आयबीएमने आपल्या तांत्रिक पुस्तकात छापून टाकली होती. हा उदारपणा होता तसा सापळाही होता. ज्याने ते पुस्तक वाचले त्याने नंतर स्वतःचे बायॉस लिहिले, तर तो कॉपीराइटच्या खटल्यात सापडणार. ईगल आणि कोरोना या दोन कंपन्यांवर आयबीएमने १९८४ मध्ये तशी कारवाई केलीही.

यावर उपाय निघाला तो आपल्या आजीला लगेच समजला असता, कारण तो शुद्ध सोवळ्याचा होता. ह्यूस्टनच्या कॉम्पॅकने आणि नंतर मॅसॅच्युसेट्समधल्या फीनिक्सने माणसांचे दोन गट केले. पहिल्या, ओवळ्यातल्या गटाने आयबीएमचे बायॉस वाचायचे आणि ते काय करते, कसे करते हे नव्हे, तेवढेच कागदावर लिहून द्यायचे. दुसऱ्या गटाने मूळ ओळींना शिवायचेदेखील नाही आणि त्या कागदावरून स्वतःच्या बुद्धीने सगळे नव्याने लिहायचे. दोघांमधला पत्रव्यवहारही जपून ठेवायचा, म्हणजे उद्या कोर्टात विटाळ झाला नाही हे सिद्ध करता येईल. कॉम्पॅकचा पोर्टेबल १९८२ सालच्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झाला. फीनिक्सने १९८४ मध्ये आपले बायॉस कुणालाही परवान्याने द्यायला सुरुवात केली आणि मग मात्र धरण फुटले. १९८५ मध्ये जॉर्जिया राज्यात, अटलांटाजवळ, सुब्रमण्यम शंकर यांनी अमेरिकन मेगाट्रेंड्स ही कंपनी काढली. कॉम्प्युटर सुरू करताना काळ्या पडद्यावर 'एएमआय' ही अक्षरे पाहिली नाहीत असा आमच्या पिढीचा इंजिनिअर सापडणे कठीण. ती अक्षरे एका भारतीय माणसाच्या कंपनीची आहेत हे मला मात्र अमेरिकेत येईपर्यंत माहीत नव्हते.

बायॉस सुटे मिळू लागले म्हणून तैवानमध्ये मदरबोर्ड होऊ लागले, मदरबोर्ड सुटे मिळू लागले म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर 'असेंबल्ड' पीसी मिळू लागला. (त्या रस्त्याचे नाव डॉ. भडकमकर मार्ग झाले याची दखल तिथल्या दुकानदारांनी फारशी घेतलेली नाही.) आणि तो मिळू लागला म्हणून १९९८ साली सांगलीतल्या एका शाळामास्तरांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढून मुलासाठी अडतीस हजारांचा कॉम्प्युटर घेता आला. मी आणि माझ्या वर्गातला एक मित्र, दोघे एकाच दिवशी एकाच दुकानात गेलो, हुबेहूब सारखी दोन यंत्रे घेतली आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये रात्रभर खोक्यांवर पाय ठेवून आलो.

आता चिपची गोष्ट. नुसते वाचता येणाऱ्या चिपची अडचण ही की चूक सापडली तर सगळा गठ्ठा फेकून द्यावा लागतो. यावर इंटेलमध्ये डॉव्ह फ्रोमन यांनी १९७१ मध्ये ईप्रॉम शोधली. तिची पहिली आवृत्ती २५६ बाइटची होती. या चिपच्या पाठीवर क्वार्ट्झची बारीक खिडकी असे. त्या खिडकीतून अतिनील प्रकाश वीसेक मिनिटे सोडला की आतले सगळे पुसले जाई आणि वेगळ्या यंत्रावर नव्याने लिहिता येई. एरवी उन्हाने अक्षरे पुसट होऊ नयेत म्हणून खिडकीवर कागदाची पट्टी चिकटवलेली असे. जुने मदरबोर्ड उघडलेत तर पट्टीवर छापलेले बायॉस कंपनीचे नाव अजूनही दिसेल. ते नाव म्हणजे खिडकीचा पडदा होता.

त्यापुढची पायरी म्हणजे जपानमधल्या तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांची फ्लॅश मेमरी. १९८४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत त्यांनी ती मांडली. विजेनेच पुसता येणारी, तीही एका झटक्यात. कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखी, म्हणून हे नाव त्यांच्या एका सहकाऱ्याने सुचवले. इंटेलने १९८८ मध्ये ती बाजारात आणली. इंटेलच्या पहिल्या फ्लॅश तंत्राच्या सहसंशोधकांत विनोद धाम हे नाव येते. पुढे पेंटियमचे जनक म्हणून गाजले तेच. धाम पंजाबी, शिक्षण दिल्लीत, पण जन्म १९५० सालचा पुण्यातला. तेव्हा श्रेयातला थोडा वाटा पुणेकर मागणारच.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बायॉस फ्लॅश चिपमध्ये गेले आणि सगळ्यांना हायसे वाटले. झाकण उघडायला नको, चिप उपटायला नको. फ्लॉपी घाला, प्रोग्रॅम चालवा, झाले. पण माझ्या मते खरी गोम इथेच शिरली. आजवर चिप बाहेर काढून, दुसऱ्या यंत्रावर लिहून आणत होतो. आता यंत्र स्वतःच स्वतःची मुळाक्षरे पुसून पुन्हा लिहू लागले. बसलेल्या फांदीवर कुऱ्हाड चालवायची, फक्त दुसरी फांदी फुटेपर्यंत खाली पडायचे नाही, असा हा प्रकार. मध्येच वीज गेली (आणि सांगलीत ती जायचीच) तर अर्धवट पुसलेल्या चिपवरून यंत्र पुन्हा सुरू होणार नाही, आणि सुरू झाल्याशिवाय चिप दुरुस्त होणार नाही. शिवाय जी चिप मालकाला लिहिता येते ती चोरालाही लिहिता येते.

तो चोर १९९८ मध्ये तैवानमधल्या एका विद्यार्थ्याने जन्माला घातला. सीआयएच नावाचा हा व्हायरस. प्रोग्रॅमच्या फाइलींमध्ये ज्या रिकाम्या जागा असतात त्यांत तो तुकडे करून लपत असे, त्यामुळे फाइलचा आकार वाढत नसे आणि संशयही येत नसे. विंडोज ९५ आणि ९८ वर तो पसरत राहिला आणि २६ एप्रिल १९९९, सोमवार, या दिवशी जागा झाला. चेर्नोबिलच्या अपघाताचा तो वाढदिवस, म्हणून त्याला चेर्नोबिल व्हायरसही म्हणतात. जागा झाला की डिस्कच्या सुरुवातीचा एक मेगाबाइट शून्यांनी भरायचा आणि काही ठरावीक जातीच्या मदरबोर्डांवर बायॉसच्या चिपवर कचरा लिहून ठेवायचा. माझा मदरबोर्ड त्या ठरावीक जातीतला होता.

मी तिसऱ्या वर्षाला होतो. त्या दुपारी खोलीवर आलो, बटण दाबले, पंखा फिरला आणि पुढे काहीच झाले नाही. आवाज नाही, पडद्यावर अक्षर नाही. दुरुस्तीवाल्याने पाहून सांगितले, बोर्ड बदला, सहा हजार. पतसंस्थेचे हप्ते अजून दोन वर्षांचे बाकी होते आणि वडिलांच्या पगारातून दरमहा कापून जात होते. घरी पत्र लिहायला बसलो आणि दोनदा फाडले.

मित्राचे यंत्र वाचले होते, कारण तो त्या दिवशी गावी होता आणि यंत्र बंद होते. त्याने आल्यावर पहिले काम म्हणजे घड्याळाची तारीख बदलून व्हायरस काढला. मग आम्ही दोघांनी जे केले ते आज मी माझ्या हाताखालच्या कुणाला करू देणार नाही. यंत्र एकदा सुरू झाले की बायॉसची एक प्रत मेमरीत गेलेली असते आणि चिपची गरज तेवढ्यापुरती संपते. म्हणून त्याच्या यंत्राची चिप आधी सैल केली, तिच्या खालून शिवणाचा दुहेरी दोरा दोन टोकांना ओवला आणि पुन्हा अलगद बसवली. यंत्र फ्लॉपीवरून डॉसमध्ये सुरू केले. त्याचे चांगले बायॉस फ्लॉपीवर उतरवून घेतले. आणि मग, वीज चालू असतानाच, दोरा धरून त्याची चिप सरळ वर उचलली आणि तिच्या जागी माझी मेलेली चिप दाबून बसवली.

पाय एक खाच इकडचा तिकडे झाला असता, एखादा वाकून शेजाऱ्याला चिकटला असता, तर एकाऐवजी दोन यंत्रे गेली असती, आणि दुसरे माझे नव्हते. त्याच्याही वडिलांनी कर्जच काढले होते. तो एवढेच म्हणाला, "नीट दाब, तिरकी नको." मग त्याने फ्लॅशचा प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर चौकोन एकेक करून भरत गेले. ते संपेपर्यंत आम्ही दोघांनी खोलीतल्या बल्बकडे पाहिले, वीज जाते की काय म्हणून.

वीज गेली नाही. माझी चिप माझ्या यंत्रात परत बसवली आणि पडद्यावर अक्षरे उमटली. डिस्कवरचे सारे गेले होते, त्यात माझा सेमिनारचा अहवालही होता, पण तो पुन्हा लिहिता आला. घरी पत्र गेले त्यात फक्त परीक्षेचे वेळापत्रक होते. वडिलांना हे मी कधीच सांगितले नाही.

या गोमेवर कंपन्यांनी उपाय शोधले नाहीत असे नाही. फ्लॅश चिपचा एक कोपरा कुलूपबंद ठेवायचा आणि बाकीचे बिघडले तरी तेवढ्याच्या जोरावर फ्लॉपी वाचता येईल असे करायचे, ही युक्ती नव्वदच्या दशकातलीच. काहींनी एकाऐवजी दोन चिपा बसवल्या. पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती सर्व्हरच्या दुनियेतली सोय. तिथे हजारो यंत्रे एका कोठारात असतात आणि प्रत्येकाचे झाकण उघडत कोण बसणार? म्हणून मुख्य प्रोसेसरशिवाय आणखी एक छोटा प्रोसेसर बोर्डवर ठेवला. तो रखवालदार. मुख्य यंत्र बंद असले तरी हा जागा. १९९८ मध्ये इंटेल, एचपी, डेल आणि एनईसी यांनी मिळून त्याच्याशी बोलण्याचे नियम ठरवले.

रखवालदाराला जागे ठेवायला रात्रीही थोडी वीज लागते. ती १९९५ च्या एटीएक्स मानकाने दिली. त्याआधी कॉम्प्युटरचे बटण बंद म्हणजे खरोखरच बंद. एटीएक्सपासून यंत्र 'बंद' असतानाही पाच व्होल्टची एक बारीक धार जांभळ्या तारेतून चालू असते. माझ्या मुलाच्या बोर्डवर जे घडले ते याच धारेवर. बटण दाबले की एक चिमुकला नियंत्रक जागा होतो. त्याला पेनड्राइव्हवरची फॅट-३२ पद्धतीची यादी तेवढी वाचता येते आणि ठरावीक नावाची फाइल शोधता येते. ती मिळाली की आठ पायांच्या फ्लॅश चिपवर तो ती उतरवून काढतो. मुख्य प्रोसेसरला कुणी विचारतही नाही. २०११ साली आसूसच्या एक्स-७९ जातीच्या बोर्डांवर ही सोय ठळकपणे दिसू लागली आणि पुढे इतरांनीही आपापल्या नावांनी ती आणली. बरीच वर्षे ती महागड्या बोर्डांपुरतीच होती.

ती सगळ्यांना का हवी, हे अमेरिकेत २०१८ साली कळले. एएमडीने एएम-४ हे बैठकीचे माप अनेक वर्षे न बदलण्याचे ठरवले होते. ग्राहकाच्या हिताचीच गोष्ट, जुन्या बोर्डवर नवा प्रोसेसर चालणार. पण फेब्रुवारी २०१८ मध्ये रायझनचे ग्राफिक्ससह नवे प्रोसेसर आले तेव्हा दुकानांतल्या फळ्यांवर २०१७ चे बोर्ड होते, जुन्या बायॉसचे. लोकांनी दोन्ही घरी नेले, जोडले आणि काळ्या पडद्यासमोर बसले. चालू करायला बायॉस नवे हवे, बायॉस नवे करायला चालू व्हायला हवे. एएमडीने यावर काढलेला तोडगा मला फार माणसातला वाटतो. खरेदीचा पुरावा पाठवा, आम्ही एक जुना, साधा प्रोसेसर टपालाने उसना पाठवतो, त्यावर अपडेट करून घ्या आणि परत पाठवा. आपल्याकडे शेजारणीकडून विरजणापुरते दही आणतात, तसेच. पुढच्या पिढीच्या वेळी, २०१९ मध्ये, पुन्हा हीच उसनवारी करावी लागली.

त्याच सुमारास जागाही संपली. अनेक बोर्डांवरची चिप १६ मेगाबाइटची, म्हणजे १९८१ च्या २०४८ पट, तरी सगळ्या पिढ्यांचे प्रोसेसर तिच्यात मावेनात. काही बायॉसांतून जुन्या प्रोसेसरांची ओळखच काढून टाकावी लागली, काहींत सुरेख चित्रमय पाने जाऊन साधी पाने आली. मे २०२० मध्ये एएमडीने आधी सांगितले की नवे प्रोसेसर ४०० मालिकेच्या जुन्या बोर्डांवर चालणार नाहीत. ग्राहक इतके रागावले की त्याच महिन्यात निर्णय फिरवावा लागला.

मुलाचा कॉम्प्युटर त्याच रात्री सुरू झाला. मग मी त्याला १९९९ ची हकीकत सांगितली, दोऱ्यासकट. त्याचा विश्वास बसेना. "चालू असताना? काकांच्या कॉम्प्युटरमधून?" तो मित्र आता इथेच, न्यू जर्सीत असतो. दर गणपतीला भेट होते. लगेच फोन लावून खात्री करून घेण्यात आली. पलीकडून तो म्हणाला, "तुझ्या बापाचा हात थरथरत होता, शेवटी मीच दाबली चिप."

हे मला अगदीच आठवत नाही. माझ्या आठवणीत चिप मीच दाबली होती.